खाली दुकान, वर खोल्या : व्हँकूव्हरची जुनी विटांची इमारत वाचवायची म्हणजे नक्की काय वाचवायचं?

लालवीट (धागाकर्ता)

मंडळी, वर्षभराने धागा काढतोय, लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी व्हँकूव्हरला असतो, ऑफिस डाउनटाउनच्या जुन्या भागात, हेस्टिंग्ज स्ट्रीटपासून दोन मिनिटांवर. ऑफिससमोर एक चार मजली विटांची इमारत आहे, १९१० च्या आसपासची, ज्याला इथे एडवर्डियन म्हणतात त्या काळातली. नाव टाकत नाही, प्रकरण चालू आहे आणि मला उगाच कोणाशी पंगा नकोय. खाली तीन दुकानं, एकात बूट दुरुस्तीवाला, एकात कॉफी, एकाचं शटर मी आल्यापासून बंद. दोन दुकानांच्या मधे एक अरुंद दार, दार उघडलं की समोर सरळसोट जिना, आणि वर तीन मजले नुसत्या खोल्या. फ्लॅट नव्हे हां, खोल्या. दहा बाय दहाची एकेक, संडास-बाथरूम पॅसेजच्या टोकाला कॉमन.

आता मालकाने अर्ज टाकलाय की रस्त्याकडची भिंत ठेवतो, मागचं सगळं पाडून टॉवर उभा करतो. सिटीने लोकांकडून मतं मागवलीयेत. मला एक छोटं पत्र लिहायचंय आणि दोन आठवडे झाले मी पहिल्याच वाक्यावर अडकलोय. "ही इमारत महत्त्वाची आहे कारण" ... कारण काय? इथे कोणी थोर माणूस जन्मला नाही, काही तह झाला नाही, बांधणाराही कोणी फार नावाजलेला नसावा. जवळच्या जुन्या गॅसटाउन भागात १९०९ चं हॉटेल युरोप आहे, इस्त्रीसारखं त्रिकोणी, त्याचे फोटो सगळे काढतात. ह्या आमच्या बिल्डिंगचा फोटो मी सोडून कोणी काढला असेल असं वाटत नाही.

थोडी पार्श्वभूमी, ज्यांना माहीत आहे त्यांनी स्क्रोल करा. व्हँकूव्हर शहर म्हणून कागदावर आलं ६ एप्रिल १८८६ ला, आणि १३ जूनला अख्खं लाकडी गाव तासाभराच्या आत जळून गेलं. त्यानंतर लोक विटेकडे वळले. पुढच्या वर्षी रेल्वे आली, मग क्लोंडाइकच्या सोन्याची गर्दी, आणि १९०१ ते १९११ मधे वस्ती सत्तावीस हजाराच्या आसपासवरून लाखावर गेली. दहा वर्षांत चौपट! येणारे बहुतेक एकटे पुरुष. लाकूडतोडे, खाणकामगार, मासे डब्यात भरायच्या कारखान्यातले, बोटीवरचे. सीझनमधे जंगलात नाहीतर समुद्रावर, सीझन संपला की गावात. त्यांना घर नको होतं, खोली हवी होती, महिन्याच्या नाहीतर आठवड्याच्या भाड्याने, खाली खानावळ, दारूचा गुत्ता, न्हावी आणि बूटवाला असलेली. म्हणून ह्या इमारती. १९१३ ला जमिनीचा फुगा फुटला आणि बांधकाम जवळजवळ थांबलंच, त्यामुळे डाउनटाउनचा हा कोपरा त्या बारा-तेरा वर्षांत गोठल्यासारखा राहिलाय.

सिटीचं हेरिटेज रजिस्टर आहे १९८६ पासून, त्यात ए, बी, सी असे वर्ग. ए म्हणजे एकदम मानाचा गणपती, बी महत्त्वाचा, आणि सी म्हणजे स्वतः फार काही नाही पण आजूबाजूच्या रस्त्याला शोभा आणणारा. आमची सी. आणि गंमत अशी की रजिस्टरमधे नाव असलं म्हणून संरक्षण मिळतंच असं नाही, त्याला वेगळा कायदा करून इमारत "डेझिग्नेट" करावी लागते. आमची नाहीये.

तर प्रश्न एवढाच. सी वर्गातल्या, कोणीच फोटो काढत नाही अशा इमारतीत वारसा म्हणावं असं काय असतं? आणि पुढची भिंत राहिली तर काय बिघडतं?

काळाघोडा_लोकल

पहिला नंबर माझा!

आधी एक अवांतर. एडवर्डियन म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१० राजा. मुंबईकरांनो, आपल्या काळ्या घोड्यावर बसलेला साहेब तोच. प्रिन्स ऑफ वेल्स असताना १८७५ ला मुंबईत येऊन गेला त्याची आठवण म्हणून ससूनने तो पुतळा दिला, १९६५ मधे उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवला. घोडा गेला, स्वार गेला, नाव राहिलं. २०१७ ला परत एक घोडा बसवला तोही बिनस्वाराचा. तुमच्या मालकाला तेच करायचंय असं दिसतंय, फक्त उलटं. स्वार ठेवायचा, घोडा पाडायचा :)

रोखठोक

मी जरा कडू बोलतो, राग मानू नका.

दहा बाय दहाची खोली आणि कॉमन संडास हा वारसा? आमच्या आजीने चाळीतल्या कॉमन संडासाच्या रांगेत पन्नास वर्षं काढली, तिला विचारा वारसा काय असतो ते, बादली फेकून मारेल. व्हँकूव्हरमधे घरांची बोंब आहे हे सगळं जग जाणतं, डाउनटाउनच्या मधोमध चार मजल्यांची उंदराने पोखरलेली बिल्डिंग आपण लाल विटा छान दिसतात म्हणून ठेवायची? पाडा आणि दोनशे घरं बांधा. पुढची भिंत ठेवतायत हेच मालकाचे उपकार.

टोरांटोकर

रोखठोकशी अर्धा सहमत. पण पुढची भिंत ठेवण्याबद्दल इथला अनुभव सांगतो. आमच्याकडे डाउनटाउनला हे इतकं झालंय की लोक त्याला भिंतीचं ऑपरेशन म्हणून हसतात. बे स्ट्रीटजवळच्या मोठ्या काचेच्या गॅलरीत १८४५ च्या एका बँकेचा अख्खा दर्शनी भाग आणून उभा केलाय, छताखाली. सुंदर आहे, खोटं नाही बोलणार, पाहुणे आले की मीच नेतो बघायला. पण ते बघताना कायम म्युझियममधल्या पेंढा भरलेल्या वाघासारखं वाटतं. मिश्या जागच्या जागी, वाघ नाही.

चाळकरी

@रोखठोक, माझी आजीपण त्याच रांगेतली, गिरगाव, तिसरा माळा. त्यामुळे मलाही बोलायचा हक्क आहे :)

धागा वाचून अंगावर काटा आला राव. खाली दुकानं, मधे अरुंद दार, सरळ जिना, वर खोल्या, टोकाला मोरी. ही आमचीच चाळ की! १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, त्याच सुमारापासून गिरण्या आणि गोदीच्या जोरावर चाळी भराभर उठल्या, आणि त्यातही आधी एकटे पुरुषच. कोकणातून आलेला गडी, खोलीत आठ-दहा जण, जेवायला खानावळ, पैसे गावाला. तुमचा लाकूडतोड्या आणि आमचा गिरणीवाला एकाच साच्यातले. फरक एवढाच की आमच्याकडे नंतर बायका-मुलं आली, कॉमन गॅलरीत गणपती आला, भांडणं आली. तुमच्याकडे बहुतेक तो एकटा माणूस एकटाच म्हातारा झाला.

आमची चाळ गेली. बिल्डरचं नाव घेत नाही. ब्रोशरवर "जुन्या गिरगावचा बाज जपणार" असं छापलं होतं. बाज म्हणजे काय तर लॉबीत लाकडी कठड्याचा एक तुकडा काचेत लावलाय, त्यावर फोकस लाइट. आमच्या मजल्यावरची चौदा बिऱ्हाडं, त्यातली चारच परत आली, बाकीच्यांना महिन्याचा मेन्टेनन्स परवडेना म्हणून विकून डोंबिवली-बदलापूर. मी आतून हललो होतो त्या कठड्याजवळ उभं राहून, कारण तो आमच्याच मजल्याचा होता, माझ्या नावाचं अक्षर मी ब्लेडने कोरलेलं त्यावर अजून होतं.

तर धागाकर्ते, पत्रात भिंतीबद्दल नंतर लिहा. वर कोण राहतं आत्ता? ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

लालवीट (धागाकर्ता)

@चाळकरी, बोट बरोबर जागेवर ठेवलंत. लिहिलं नाही कारण मला माहीत नव्हतं. तीन वर्षं समोर बसतोय आणि माहीत नव्हतं. आज जेवणाच्या सुट्टीत बूटवाल्याला विचारलं. तो म्हणाला वर तीसेक खोल्या, पंचवीसएक भरलेल्या, बहुतेक म्हातारे पुरुष, दोन-तीन बायका, एक जण पंचवीस वर्षं एकाच खोलीत आहे.

ह्याला इथे एसआरओ म्हणतात, एक माणूस एक खोली. सिटीचा २००३ चा एक कायदा आहे, अशा खोल्या पाडायच्या किंवा दुसऱ्या कामाला वापरायच्या तर वेगळी परवानगी काढावी लागते. म्हणजे अर्जाला दोन वेगवेगळ्या खिडक्या आहेत, एका खिडकीवर विटा आणि दुसऱ्या खिडकीवर माणसं, आणि दोन्ही खिडक्या एकमेकींशी फारशा बोलत नाहीत असं मला तरी वाटलं.

ओळंबा

पेशाने स्ट्रक्चरल, बरीच वर्षं न्यूझीलंडला, आता सिॲटलला. थोडं विटांबद्दल बोलतो, कारण धागाकर्त्याचं नाव लालवीट आणि विटेबद्दल कोणी बोलेना.

ह्या इमारती बाहेरून विटांच्या आणि आतून लाकडाच्या असतात. बाहेरच्या भिंती वजन घेतात, आत डग्लस फरचे खांब आणि तुळया, आणि ते लाकूड साधंसुधं नव्हे, शेकडो वर्षं वाढलेल्या झाडांचं, तसं आता कुठल्याही वखारीत मिळत नाही. एका तुळईच्या कापलेल्या टोकावर रेषा मोजत बसलो होतो एकदा, बोटभर जागेत वीस-बावीस वर्षं. नुसतं हे लाकूड कचऱ्यात जाणार म्हणूनसुद्धा मला पाडकाम बघवत नाही.

कधी आत जायला मिळालं तर वाशांची भिंतीत जाणारी टोकं बघा. ती तिरकी कापलेली असतात, वरची कड आखूड, खालची लांब. आग लागून वासा मधे मोडला तर त्याचं टोक भिंतीतून अलगद सुटून खाली यावं, भिंतीला टेकू देऊन उचकटू नये म्हणून. म्हणजे बांधणाऱ्याने लाकूड जळणारच हे धरून बांधलंय, भिंत उभी राहिली पाहिजे एवढंच बघितलंय. १८८६ ला जळालेल्या गावात असा सुतार असणारच.

भिंत खरी ओळखायची तर गल्लीकडून बघा. रस्त्याकडे गुळगुळीत, दाबून काढलेली किंवा चकाकीची वीट, बारीक दरजा. ग्रॅनव्हिल स्ट्रीटवर पार अँड फी ह्या जोडगोळीने बांधलेल्या हॉटेलांना तर पांढरी चकाकणारी वीट आहे, मधल्या खुंटीवर फिरणाऱ्या खिडक्या आहेत. आणि मागे गेलात की स्वस्त लाल वीट, ओबडधोबड, साधारण दर पाच-सहा थरांनंतर एक थर आडव्या विटांचा, भिंतीची आतली-बाहेरची पदरं बांधून ठेवायला. पुढून साहेब, मागून गवंडी.

आणि एक कळकळीची विनंती, जो कोणी दुरुस्ती करेल त्याला सांगा दरजा सिमेंटने भरू नकोस. जुना मसाला चुन्याचा, मऊ, किल्लीने खरवडला तर भुगा पडतो. भिंतीतलं पाणी त्या चुन्यातून बाहेर पडतं. वर कडक सिमेंट थापलं की पाण्याला वाट विटेतूनच, मग थंडीत ते गोठतं आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. आधी वीट नवीनसारखी दिसते, पाच-दहा वर्षांनी सगळी भिंत देवी आल्यासारखी.

आता कडू बाजू. विनालोखंडाची विटांची भिंत भूकंपात वाईट वागते. सगळ्यात आधी गच्चीच्या वरचा कठडा आणि कंगणी (भिंतीच्या माथ्याची बाहेर आलेली नक्षीची कड) रस्त्यावर येते, मग दर्शनी भिंत. ख्राइस्टचर्चला फेब्रुवारी २०११ मधे १८५ माणसं गेली, त्यातली चाळीसेक विटांच्या इमारती अंगावर येऊन. मी नंतर त्या रस्त्यांवर काम केलंय, त्यामुळे वारसा वारसा करणाऱ्यांना मी आधी विचारतो, भिंत मजल्यांना बांधलीय का? तुमच्या इमारतीवर बाहेरून लोखंडी चांदण्या किंवा चकत्या दिसतात का, आतून आलेल्या सळईच्या टोकावर? त्या दिसल्या तर कोणीतरी थोडीफार काळजी घेतलीय. ह्या किनाऱ्यावर २६ जानेवारी १७०० ला महाभूकंप झालाय, त्याची लाट जपानपर्यंत गेली आणि तिथल्या नोंदींवरूनच तारीख सापडली. परत होणार, कधी ते विचारू नका.

म्हणजे मी पाडा म्हणतोय का? नाही. मजबूत करता येतं, पैसे लागतात. पण "तशीच राहू दे" हा पर्याय माझ्या मते नाहीच.

सुगरण_नाही

वा ओळंबा, तिरक्या वाशांचं माहीतच नव्हतं, वाचनखूण साठवली.

रोखठोक

@ओळंबा, म्हणजे तुम्हीच म्हणताय की धोकादायक आहे. मुद्दा संपला.

@चाळकरी, कठड्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण ती चार बिऱ्हाडं परत आली ती स्वतःच्या संडासात आली की नाही?

चाळकरी

आली. आणि बाकीची दहा बदलापूरहून सव्वा तास लोंबकळत येतात. दोन्ही खरं आहे, मी कुठे नाही म्हणतोय.

नदीकाठची

मी सहसा वाचनमात्र असते पण ह्या भागात सहा वर्षं काम केलंय (कुठे ते राहू दे) म्हणून लिहिते. मोबाईलवरून टंकतेय, चुभूद्याघ्या.

रोखठोक म्हणतात ते आणि चाळकरी म्हणतात ते, दोन्ही एकाच रस्त्यावर बघायला मिळतं.

गॅसटाउनात विंटर्स हॉटेल होतं, १९०७ चं, खाली दुकानं-रेस्टॉरंट, वर सत्तरच्या आसपास माणसं. ११ एप्रिल २०२२ ला जळालं. तीन दिवस आधी छोटी आग लागून गेली होती, तेव्हा उडालेले स्प्रिंकलर परत चालू झालेले नव्हते. पहिल्यांदा सांगितलं सगळे सुखरूप आहेत, मग दहा-अकरा दिवसांनी पाडकाम करताना दोन मृतदेह सापडले. इमारत गेली. ती गॅसटाउनमधली होती, म्हणजे १९७१ पासून प्रांताने संरक्षित केलेला भाग, २००९ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. एवढे बिल्ले छातीवर. मी त्या आठवड्यात तिथून चालत होते, ओल्या कोळशाचा वास दोन चौक पुढपर्यंत, आणि कुंपणाला लोकांनी फुलं अडकवलेली. कोणीही कंगणीसाठी रडत नव्हतं.

हेस्टिंग्जवरचं बाल्मोरल हॉटेल, तेही त्याच बूममधलं. देखभाल इतकी टाकली की २०१७ ला सिटीने माणसं बाहेर काढली, नंतर मालकाकडून सक्तीने घेतलं, तोवर इतकं कुजलं होतं की २०२३ ला पाडलं. लोकांना वाटतं जुन्या इमारती बुलडोझर पाडतो. अहो गळका पाइप पाडतो. बुलडोझर शेवटी येतो नुसता सही करायला.

आणि आता दुसरी बाजू. हेस्टिंग्ज आणि कॅरलच्या कोपऱ्यावर १९०६ चं वुड्स हॉटेल, नंतरचं नाव पेन्सिल्व्हेनिया. तेही पार रया गेलेलं. ते पूर्ण नीट केलं, कोपऱ्यावरचा घुमटीवजा मनोरा परत बांधला, निऑनची पाटी परत लावली, आणि वर? वर जुन्या बारक्या खोल्या जोडून चव्वेचाळीस छोटी घरं, प्रत्येकाला स्वतःचं बाथरूम, त्याच वर्गातल्या माणसांसाठी. रोखठोक, तुमच्या आजीला हे आवडलं असतं बघा.

पॉवेल स्ट्रीटवर तामुरा बिल्डिंग आहे, पहिल्या महायुद्धाच्या जरासं आधीची, एका जपानी व्यापाऱ्याने बांधलेली. तो रस्ता जपानी वस्तीचा, खाली दुकानं वर भाड्याच्या खोल्या, अगदी हेच. १९४२ ला सरकारने सगळ्या जपानी कुटुंबांना किनाऱ्यावरून उचलून आत छावण्यांत नेलं आणि मागे त्यांची घरं-दुकानं त्यांना न विचारता विकून टाकली. माणसं गेली ती गेली, फार थोडी परत आली. प्रांत सरकारने तेरा जुन्या एसआरओ इमारती नीट केल्या त्यात ही पण होती, छतावरची गेलेली पत्र्याची कलाकुसर जुने फोटो बघून परत केली. आज त्या रस्त्यावर जपानी दुकान शोधावं लागतं पण त्या इमारतीकडे वर बघितलं की कळतं इथे कोणीतरी ऐटीत राहायला आलं होतं. ती नसती तर रिकाम्या प्लॉटकडे बघून काय कळणार?

तर सी वर्ग वगैरे ठीक आहे. मला विचाराल तर ह्या इमारतींचा वारसा म्हणजे पैसे नसलेल्या माणसाला शहराच्या मध्यावर खोली मिळायची, शंभर वर्षं मिळत होती. ही गोष्ट फोटोत येत नाही.

टोरांटोकर

नदीकाठची, वाचनमात्र राहू नका हो, लिहीत जा.

तात्पुरता

एक शंका. मालकाने पैसे आणायचे कुठून? मजबुतीकरण, पाइप, बाथरूम, आणि भाडं तेच ठेवायचं. धर्मादाय आहे का? मुंबईत पागडीच्या बिल्डिंगा ह्याच्यामुळेच पडतात, शंभर रुपये भाड्यात कोण रंग लावणार.

लालवीट (धागाकर्ता)

@तात्पुरता, रास्त प्रश्न. इथे एक युक्ती आहे, मुंबईकरांना लगेच कळेल, टीडीआरसारखी. जुनी इमारत ठेवलीत म्हणून जे बांधकाम तुम्ही तिथे करू शकला नाहीत ते चटईक्षेत्र दुसऱ्या प्लॉटवाल्याला विकायचं आणि त्या पैशात दुरुस्ती. सुरुवातीला जोरात चाललं, मग विकणारे जास्त आणि घेणारे कमी झाले, २००७ ला सिटीने नवीन वाटप थांबवलं. बटाट्याचा भाव पडावा तसा हवेचा भाव पडला. पेन्सिल्व्हेनियासारखी उदाहरणं आहेत ती सरकारी पैसा आणि संस्था आल्या म्हणून, खाजगी मालकाने एकट्याने हे केलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

वुडवर्ड्सचंही सांगतो कारण रोखठोकच्या मुद्द्याचं उत्तर थोडंफार तिथे आहे. १९०३ चं डिपार्टमेंट स्टोअर, वाढत वाढत अख्खा ब्लॉक झालं, १९९३ ला बंद, मग दहा-बारा वर्षं ओसाड, २००२ ला लोकांनी आत घुसून ठाणच मांडलं घरं द्या म्हणून. शेवटी सप्टेंबर २००६ ला सुरुंग लावून बहुतेक पाडलं, सगळ्यात जुना विटांचा भाग ठेवला, मागे टॉवर. विकाऊ फ्लॅट आणि गरिबांची घरं दोन्ही, विद्यापीठाची शाखा, किराणा. हा नुसती भिंत ठेवण्याचा प्रकार नव्हता, तो सगळ्यात जुना भाग अख्खा ठेवला. तरी आजूबाजूची भाडी चढली आणि बाजूच्या खोल्यांतली माणसं हलली अशी तक्रार नदीकाठची जास्त सांगू शकेल.

नदीकाठची

हो. त्यावर वेगळा धागा लागेल आणि त्यात मारामाऱ्या होतील, आत्ता नको :)

काळाघोडा_लोकल

एक आठवलं. साठच्या दशकात ह्याच भागातून हायवे न्यायचं ठरलं होतं ना? चायनाटाउन, गॅसटाउन सगळं कापून.

लालवीट (धागाकर्ता)

हो, अगदी. चायनाटाउन आणि स्ट्रॅथकोनाच्या लोकांनी रान उठवलं म्हणून हायवे रद्द झाला, पण जॉर्जिया व्हायाडक्ट हा उड्डाणपूल तेवढा १९७२ ला बांधून मोकळे झाले आणि त्यात होगन्स ॲली गेली, शहरातली कृष्णवर्णीयांची वस्ती होती ती. वाचलं ते आज ऐतिहासिक स्थळ आणि गेलं त्याची आता आठवण काढतात. हायवे झाला असता तर आमची सी वर्गवाली पण गेली असती, आणि आज मी कशासमोर बसलो असतो तर एखाद्या पार्किंगसमोर.

लालवीट (धागाकर्ता)

आठवड्याने धागा वर काढतोय.

ओळंबांच्या सांगण्यावरून गल्लीत जाऊन आलो. कचऱ्याचे डबे ओलांडून. मोजलं, बरोबर दर सहाव्या थराला आडव्या विटा. लोखंडी चकत्या आहेत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या उंचीला, गंजलेल्या, पाच. सिमेंटच्या दरजापण आहेत, एका कोपऱ्यात, आणि तिथल्या विटांची तोंडं गेलेली, बोट लावलं तर लाल पीठ हातावर. वर भिंतीवर अर्धी पुसलेली रंगाची जाहिरात आहे, शेवटची अक्षरं "रूम्स" एवढी वाचता येतात.

आणि फुटपाथवर, दाराच्या पुढ्यात, लोखंडी चौकटीत बसवलेले जाड काचेचे चौकोन आहेत, तीन वर्षं मी त्यांच्यावर पाय देऊन जातोय. फुटपाथखाली तळघर येतं, त्याला उजेड मिळावा म्हणून. काच मुळात बिनरंगी, त्यात मँगनीज असल्याने शंभर वर्षं उन्हात राहून जांभळी झालीय. कोणीतरी काही फुटलेले चौकोन सिमेंटने बुजवलेत, बाकीचे संध्याकाळी खाली दिवा लागला की जांभळे पेटतात. बूटवाल्याचं गोडाऊन आहे तिथे. त्याने खाली नेऊन दाखवलं. वरून लोक चालत होते आणि त्यांचे तळवे डोक्यावरून जाताना दिसत होते.

मग म्हटलं आलोच आहे तर, आणि त्याच्याच ओळखीने वर गेलो. जिन्याच्या पायऱ्या मधोमध वाटीसारख्या झिजलेल्या. वर एका उजेडाच्या चौकाभोवती पॅसेज, मुंबईत आपण डक म्हणतो तसा, पण ह्याला वर काच. पंचवीस वर्षं राहणाऱ्या काकांनी दार उघडलं. मी बावळटासारखं विचारलं, तुम्हाला ही इमारत राहावी असं वाटतं का. ते म्हणाले इमारत नाही, पत्ता. डॉक्टर चार मिनिटांवर, जेवण सहा मिनिटांवर, आणि खालचा बूटवाला किल्ली ठेवून घेतो.

पत्र लिहिलं. भिंतीचा उल्लेख शेवटी केला, दोन ओळींत, चुना वापरा म्हणून. बाकी सगळं वरच्या खोल्या, जिना आणि परत यायच्या हक्काबद्दल. पाठवलं काल रात्री.

रोखठोक

ठीक आहे. माझा विरोध टॉवरला नाहीये अजून, पण त्या काकांना त्याच पत्त्यावर खोली देत असतील आणि बाथरूमसकट देत असतील तर त्यांनी भिंतपण ठेवावी, कंगणीपण ठेवावी, माझी काही ना नाही.

ओळंबा

पाच चकत्या अख्ख्या भिंतीला कमी आहेत. सिटीला हेही कळवा.

लालवीट (धागाकर्ता)

कळवतो, ईमेल टाकतो उद्या.

चाळकरी

काकांच्या दारावर खोली नंबर होता का?

लालवीट (धागाकर्ता)

होता, पितळी, झिजलेला. चौदा. बाराच्या शेजारी चौदा. तेरा नंबर बांधणाऱ्याने ठेवलाच नाहीये.

चाळकरी

आमच्याकडे होता. आम्हीच राहायचो तिथे.